कामावरची हार्मोन बिघडवणारी रसायनं: आधी यादी, मग उपाय, तपासणी शेवटी

आपण कामावर हाताळतो त्यातली काही रसायनं शरीरातल्या हार्मोनमध्ये ढवळाढवळ करतात आणि त्यातून कर्करोगाचा धोका वाढू शकतो, हे कळल्यावर बहुतेक जण तीनपैकी एक गोष्ट करतात. कुणी मास्क विकत आणतं, कुणी रक्ताची तपासणी करून घेतं, कुणी सुपरवायझरला तोंडी विचारतं, "हे घातक आहे का हो?" मास्क बहुधा चुकीचा निघतो, तपासणीतून काही निष्पन्न होत नाही आणि सुपरवायझर "छे, काही नाही" म्हणतो. मग विषय तिथेच मिटतो, आणि संपर्क मात्र रोज आठ तास चालू राहतो.

इथे क्रम चुकतो. मास्क कोणता घ्यायचा हे रसायनावर ठरतं. तपासणी रक्ताची की लघवीची, आणि ती कधी करायची, हेही रसायनावरच ठरतं. त्यामुळे रसायनाचं नाव हाती नसताना केलेली प्रत्येक गोष्ट अंदाजपंचे असते. पुढचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. अपवाद फक्त एक, तो तयारीत सांगितला आहे.

## तयारी: सुरू करण्याआधी

एक बांधीव वही घ्या, सुटे कागद नकोत. फोनचा कॅमेरा लागेल. साधारण दोन आठवड्यांचा धीर लागेल. आणि शक्य असेल तर त्याच विभागातला एक विश्वासू सहकारी सोबत घ्या, कारण एकट्याच्या नजरेतून बरंच निसटतं. नोंदी कंपनीच्या संगणकावर किंवा कंपनीने दिलेल्या फोनवर ठेवू नका. नोकरी सुटली की त्या नोंदीही जातात.

काही गोष्टी आधीच पक्क्या समजून घ्या, म्हणजे पुढे गोंधळ होणार नाही.

हार्मोन बिघडवणारं प्रत्येक रसायन कर्करोगकारक म्हणून सिद्ध झालेलं नसतं, आणि प्रत्येक कर्करोगकारक रसायन हार्मोनवाटे काम करत नाही. काही रसायनं इस्ट्रोजेनची नक्कल करतात, काही टेस्टोस्टेरॉनचं काम अडवतात, काही थायरॉइड हार्मोनच्या निर्मितीत किंवा वाहतुकीत अडथळा आणतात. स्तन, गर्भाशय, प्रोस्टेट अशा अवयवांतल्या पेशी हार्मोनच्या इशाऱ्यावर वाढतात, म्हणून तिथली काळजी जास्त. मात्र हार्मोन बिघडवणाऱ्या रसायनांची आणि कर्करोगकारक रसायनांची यादी वेगवेगळी आहे आणि दोन्ही पाहाव्या लागतात.

संपर्क आणि आजार यांच्यात १० ते ३० वर्षं, कधी त्याहूनही जास्त काळ जाऊ शकतो. आज तब्येत ठणठणीत असणं हा पुरावा नव्हे.

कामाच्या हवेतल्या रसायनांसाठी ठरवलेल्या मर्यादा बहुतेक वेळा डोळ्यांची जळजळ, यकृतावरचा परिणाम, मज्जासंस्थेवरचा परिणाम अशा गोष्टी पाहून ठरवलेल्या असतात. हार्मोन अत्यंत कमी प्रमाणात काम करतात, आणि त्यांच्यावर परिणाम करणाऱ्या रसायनांच्या बाबतीत किती मात्रा याइतकंच कोणत्या वयात, शरीराच्या कोणत्या अवस्थेत, हेही महत्त्वाचं असतं. "मर्यादेच्या आत आहे" एवढ्यावर समाधान मानू नका.

अपवाद: तुम्ही गरोदर असाल, मूल होण्याचा विचार करत असाल किंवा अंगावर पाजत असाल, तर यादी पूर्ण होण्याची वाट पाहू नका. थेट पाचव्या टप्प्यापासून सुरुवात करा, डॉक्टरांना आजच सांगा, आणि यादी मागाहून करा. गर्भाचे अवयव पहिल्या काही आठवड्यांतच घडू लागतात आणि तेव्हा अनेकींना दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं. हे पुरुषांनाही लागू आहे. शुक्राणू तयार होऊन परिपक्व व्हायला अडीच-तीन महिने लागतात, त्या काळातला संपर्कही मोजायचा.

## टप्पा १: कामांची यादी करा, रसायनांची नाही

इथे सगळे घाई करतात. डोक्यात असलेली चार रसायनांची नावं लिहितात आणि यादी झाली समजतात. पण नाव आठवतं ते रोजच्या डब्याचं. महिन्यातून एकदा उघडणारा पिंप, यंत्र धुण्याचा पातळ द्राव, साच्यावर मारायचा स्प्रे, सांडलेलं पुसायची पावडर हे आठवत नाही.

म्हणून कामं लिहा. पाळी सुरू झाल्यापासून घरी जाईपर्यंत हात कुठेकुठे जातात, ते एका ओळीत एक असं. त्यात हे विसरू नका: साफसफाई, देखभाल-दुरुस्ती, माल बदलणं, पिंप उघडणं आणि ओतणं, सांडलेलं आवरणं, कचरा बाहेर नेणं, आणि शेजारच्या टेबलावर दुसरा जे काम करतो ते. तुम्ही स्प्रे मारत नसाल, पण स्प्रे मारणारा तीन हातांवर असेल, तर ते तुमच्याही यादीत.

प्लॅस्टिकच्या मोल्डिंग मशीनवर काम करणाऱ्यांचं उदाहरण घ्या. दिवसभर मशीन बंद दाराआड चालतं, तेव्हा संपर्क तुलनेने कमी. खरा संपर्क रंग बदलताना होतो. बॅरलमधला, म्हणजे प्लॅस्टिक वितळवणाऱ्या नळीतला, जुना माल ढकलून बाहेर काढला जातो (यालाच पर्जिंग म्हणतात), नोझलखाली गरम लगद्याचा गोळा साठतो, त्यातून धूर निघतो, आणि ऑपरेटर तो गोळा उचलायला नेमका त्याच धुरावर वाकतो. दहा-पंधरा मिनिटांचं काम, म्हणून कुणाच्याच यादीत येत नाही. माल मऊ पीव्हीसी असेल तर त्याच्या वजनाच्या एक-तृतीयांशापर्यंतही प्लॅस्टिसायझर, म्हणजे मऊपणा आणणारं रसायन, असू शकतो, आणि तो प्लॅस्टिकला रासायनिकरीत्या बांधलेला नसतो. तापवलं की सुटतो.

पडताळणी: यादीत आठवड्याला, महिन्याला आणि वर्षाला एकदा होणारं किमान एकेक काम आहे का? नसेल तर यादी अपुरी आहे. देखभाल विभागातल्या जुन्या माणसाला दाखवा, तो दोन कामं नक्की वाढवेल.

## टप्पा २: प्रत्येक कामामागचं खरं नाव शोधा

आता यादीतल्या प्रत्येक कामात काय वापरलं जातं ते शोधा. डब्यावरचं व्यापारी नाव उपयोगाचं नाही. तेच नाव ठेवून आतला घटक बदलता येतो. तुम्हाला हवा आहे कॅस क्रमांक. प्रत्येक रसायनाला दिलेला हा क्रमांक भाषा, देश, कंपनी काहीही असली तरी बदलत नाही. बिस्फेनॉल ए म्हणजे ८०-०५-७. मऊ पीव्हीसीतला डीईएचपी हा थॅलेट (प्लॅस्टिसायझरचा एक प्रकार) म्हणजे ११७-८१-७.

लेबलचे चारही बाजूंनी फोटो काढा. मग सेफ्टी डेटा शीट, म्हणजे मालाचे घटक, धोके आणि काळजी सांगणारं पुरवठादाराचं पत्रक, मागा, आणि लेखी मागा. एवढं पुरतं:

"मी अमुक विभागात काम करते. आम्ही वापरत असलेल्या अमुक थिनरची चालू आवृत्तीची सेफ्टी डेटा शीट मला हवी आहे. त्यातील सर्व घटकांचे कॅस क्रमांक पुरवठादाराकडून मिळाल्यास तेही द्यावेत."

तारीख घाला, एक प्रत स्वतःकडे ठेवा. आरोप नको, कर्करोगाचा उल्लेखही नको. साधी मागणी नाकारणं समोरच्याला अवघड जातं. एकट्याने मागण्यापेक्षा तिघा-चौघांनी मिळून मागा.

शीटचे सोळा विभाग असतात. सगळे वाचायची गरज नाही, पण हे वाचायलाच हवेत.

विभाग २ मध्ये धोक्याची विधानं असतात. इंग्रजी एच अक्षर आणि तीन आकडे अशा खुणा शोधा. एच ३५० म्हणजे कर्करोग होऊ शकतो, एच ३५१ म्हणजे तसा संशय आहे. एच ३६० आणि एच ३६१ प्रजननक्षमता व गर्भाविषयी, एच ३६२ अंगावर पिणाऱ्या बाळाविषयी. युरोपीय संघाने २०२३ मध्ये हार्मोनसाठी स्वतंत्र खुणा आणल्या: ईयूएच ३८० म्हणजे माणसात हार्मोनचा बिघाड घडवू शकतं, ईयूएच ३८१ म्हणजे तसा संशय आहे. त्या टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत, म्हणून जुन्या शीटवर दिसणार नाहीत.

विभाग ३ मध्ये घटक, टक्केवारी आणि कॅस क्रमांक. हे सगळं वहीत उतरवा.

विभाग ८ मध्ये हवेतली मर्यादा आणि हातमोज्यांचा प्रकार. मर्यादेच्या तक्त्यात त्वचेची खूण असेल तर ती ठळक करा. ते रसायन कातडीतून आत जातं, हवा कितीही स्वच्छ असली तरी.

विभाग ११ मध्ये आरोग्यावरचे परिणाम. युरोपच्या नव्या नमुन्यातल्या शीटमध्ये ११.२ या उपविभागात हार्मोनवरच्या परिणामाची माहिती असते. अन्यत्र बनलेल्या शीटमध्ये हा उपविभाग बहुधा नसतो.

सावधान: "माहिती उपलब्ध नाही" याचा अर्थ "सुरक्षित" असा नाही. त्याचा अर्थ कुणी तपासलेलं नाही किंवा लिहिलेलं नाही. विभाग ११ मध्ये हे वाक्य फार वेळा दिसतं आणि लोक तिथे सुटकेचा श्वास सोडतात. वहीत त्या ओळीसमोर प्रश्नचिन्ह ठेवा.

आणखी दोन फसगती. शीटची तारीख पाच-सहा वर्षांपूर्वीची असेल तर नवी मागा. आणि विभाग ३ मध्ये "व्यापारी गुपित" असं लिहिलं असेल, तर किमान त्या घटकाला एच ३५० ते एच ३६२ यांपैकी एखादी खूण लागू आहे का, हा प्रश्न पुरवठादाराला लेखी विचारायला लावा.

तयार वस्तूंची शीट बहुधा नसतेच, म्हणजे पावतीचा कागद, प्लॅस्टिकच्या नळ्या, फोम, केबल यांची. तिथे "यात बिस्फेनॉल, थॅलेट किंवा पीफास आहेत का?" असा थेट प्रश्न लेखी विचारावा लागतो. (पीफास म्हणजे पाणी-तेल न लागू देणारी, फ्लोरिन असलेली रसायनं.)

## टप्पा ३: चाळणी लावा

आता वहीतल्या नावांची वर्गवारी करा. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था, म्हणजे आयएआरसी, पदार्थांचे गट करते. गट १ म्हणजे माणसात कर्करोग होतो हे निश्चित, २ए म्हणजे बहुधा, २बी म्हणजे शक्यता. हे गट पुरावा किती भक्कम आहे ते सांगतात, धोका किती मोठा आहे ते सांगत नाहीत. गट १ मधली वस्तू एकदा हाताला लागली म्हणून कर्करोग होत नाही, आणि २बी मधलीचा रोजचा संपर्क दुर्लक्ष करण्याजोगा ठरत नाही.

कामावर वारंवार भेटणारी नावं अशी.

प्लॅस्टिक, केबल, रेक्झिन, वैद्यकीय नळ्या: थॅलेट. डीईएचपी गट २बी मध्ये आहे.

पावतीचा थर्मल कागद, इपॉक्सी रंग, पॉलिकार्बोनेट: बिस्फेनॉल. युरोपियन रसायन संस्थेने २०१७ मध्ये बिस्फेनॉल ए ला माणसाच्या हार्मोनवर परिणाम करणारं अतिचिंतेचं रसायन म्हणून नोंदवलं.

पाणी-तेल न लागणारी कापडं, अग्निशमन फेस, काही प्लेटिंग प्रक्रिया: पीफास. त्यातलं पीएफओए २०२३ मध्ये गट १ मध्ये गेलं, पीएफओएस २बी मध्ये.

जुने ट्रान्सफॉर्मर, जुने कपॅसिटर, भंगार फोडण्याचं काम: पीसीबी (पूर्वी विद्युत उपकरणांच्या तेलात वापरली जाणारी क्लोरिनयुक्त रसायनं, सर्किट बोर्ड नव्हे), गट १.

बॅटरी, प्लेटिंग, काही रंगद्रव्यं, वेल्डिंग: कॅडमियम, गट १. हा धातू इस्ट्रोजेनसारखाही वागू शकतो.

कीटकनाशकं: डीडीटी २ए, लिंडेन गट १.

औषधनिर्मितीत हार्मोनच्या गोळ्या बनवणं हा सगळ्यांत थेट संपर्क. अशा कारखान्यांत पुरुष कामगारांची छाती वाढल्याच्या आणि स्त्रियांना अनियमित रक्तस्राव झाल्याच्या घटना वैद्यकीय नोंदींत आहेत.

निर्जंतुकीकरणाच्या खोलीतला इथिलीन ऑक्साइड गट १ मध्ये आहे. तो मुख्यतः डीएनएवर घाव घालतो, पण स्तनाच्या कर्करोगाशी त्याचा संबंध पाहिला गेला आहे, म्हणून याच यादीत ठेवा. केशकर्तनालयातलं काम २ए मध्ये, अग्निशमन दलाचं काम २०२२ पासून गट १ मध्ये आहे. तिथे एकच रसायन दोषी धरता येत नाही, पूर्ण कामाचाच विचार करावा लागतो.

रात्रपाळी हे रसायन नव्हे, तरीही ती यादीत हवी. रात्रीच्या उजेडाने मेलाटोनिन हे झोपेचं हार्मोन दबतं आणि शरीराचं घड्याळ विस्कटतं. आयएआरसीने रात्रपाळीला २००७ मध्ये २ए मध्ये घातलं आणि २०१९ मध्ये तोच निष्कर्ष कायम ठेवला.

पडताळणी: तुमच्या यादीत आता तीन रकाने झाले पाहिजेत: काम, घटक व कॅस क्रमांक, आणि लागू असलेली खूण किंवा गट. ज्या ओळीत दोन खुणा येतात तिच्यापासून पुढचं काम सुरू करा.

## टप्पा ४: शरीरात शिरायची वाट ओळखा

लोक फक्त नाकाचा विचार करतात. वास येतो का, धूर दिसतो का. थॅलेट आणि बिस्फेनॉल यांना लक्षात येण्याजोगा वास जवळजवळ नसतो. ज्याचा वास येतो ते बहुतेकदा सॉल्व्हंट असतं, आणि सॉल्व्हंट कातडीवरचा तेलकट थर काढून इतर रसायनांना वाट मोकळी करून देतं.

कॅश काउंटरवरचं एक उदाहरण पाहा. थर्मल कागदावर बिस्फेनॉल सुट्या भुकटीच्या रूपात असतं आणि बोटाला लागतं. सॅनिटायझर लावून ओल्या हाताने पावती धरली तर ते कातडीतून शोषलं जाण्याचं प्रमाण खूप वाढतं, हे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसलं. हँडक्रीमचाही तसाच उपद्रव होऊ शकतो. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका प्रयोगात दोन तास उघड्या हाताने पावत्या हाताळणाऱ्यांच्या लघवीत बिस्फेनॉल ए वाढलं, नायट्राइल हातमोजे घातले तेव्हा लक्षणीय वाढ दिसली नाही. म्हणजे स्वच्छतेसाठी दिवसभर सॅनिटायझर चोळणारा कॅशिअर नकळत जास्त संपर्क ओढवून घेतो. तिथे साबण-पाणी वापरावं, हात पूर्ण कोरडे करावेत आणि मगच पावती धरावी.

तिसरी वाट तोंडाची. धूळ बसलेल्या टेबलावर चहाचा कप, तंबाखू मळणारा हात, ओठात धरलेला पेन. यादीतल्या प्रत्येक कामासमोर नाक, कातडी, तोंड यांपैकी काय लागू आहे ते लिहा. कारण हवेची मोजणी "ठीक" आली तरी कातडीची वाट तिच्यात मोजलेली नसते, आणि अहवाल दाखवताना ही गोष्ट कुणी आपणहून सांगत नाही.

## टप्पा ५: संपर्क उगमापाशी तोडा

इथे उतरंड ठरलेली आहे: वस्तू काढून टाका, नाही जमलं तर बदला, नाही जमलं तर बंदिस्त करा किंवा ओढून बाहेर न्या, मग कामाची पद्धत बदला, आणि सगळ्यांत शेवटी हातमोजे-मास्क. बहुतेक ठिकाणी सुरुवात शेवटून होते, कारण हातमोज्यांचा खोका स्वस्त पडतो आणि जबाबदारी कामगाराच्या हातावर ढकलता येते. मला याची मनापासून चीड येते, म्हणून हा टप्पा नेटाने लावून धरा असं सांगतो.

काढून टाकणं वाटतं तितकं अवघड नसतं. न मागणाऱ्या ग्राहकाला पावती छापूच नये. सुगंधी साफसफाईचा द्राव बंद करावा. गरज नसलेली फवारणी रद्द करावी.

बदलताना मात्र डोळे उघडे ठेवा. बिस्फेनॉल ए नको म्हणून अनेक ठिकाणी बिस्फेनॉल एस आलं, आणि रचनेने जवळच्या या भावंडातही हार्मोनवर परिणाम करण्याची क्षमता आढळली आहे. "बिस्फेनॉल ए मुक्त" हे लेबल त्यामुळे पुरेसं नाही. बदली मालाची शीट मागवून दुसरा टप्पा पुन्हा करा. पावतीच्या कागदाबाबत फिनॉलच (बिस्फेनॉल ज्यात मोडतं तो रसायनांचा वर्ग) नसलेला कागद मागा.

धूर ओढून घेणारी यंत्रणा उगमाजवळ हवी. छताचा पंखा किंवा समोरचा टेबलफॅन धूर फक्त शेजाऱ्याकडे पाठवतो. टिश्यू पेपरची पट्टी उगमापाशी धरा. ती यंत्रणेच्या तोंडाकडे स्पष्ट ओढली गेली पाहिजे, नुसती फडफडून चालत नाही. आणि उगम व यंत्रणेचं तोंड यांच्या मधोमध तुमचं डोकं येत असेल, तर ती यंत्रणा धूर तुमच्या नाकावरूनच नेते आहे. मोल्डिंगवर पर्जिंगचा गोळा लगेच पाण्यात टाकणं किंवा झाकणाच्या धातूच्या डब्यात टाकणं, बॅरलचं तापमान विनाकारण चढवून न ठेवणं, एवढ्यानेही धूर बराच कमी होतो.

पद्धतीत बदल म्हणजे झाडूऐवजी ओलं पुसणं किंवा हेपा फिल्टरचा (अतिबारीक धूळ अडवणाऱ्या जाळीचा) व्हॅक्यूम, कॉम्प्रेस्ड हवेने अंग झटकणं बंद, डबे झाकलेले, आणि जेवणाची जागा कामाच्या जागेपासून खरोखर वेगळी.

## टप्पा ६: हातमोजे आणि मास्क, आता

विभाग ८ मध्ये हातमोज्यांचा पदार्थ, जाडी आणि आरपार जाण्याचा वेळ दिलेला असावा. नुसतं "योग्य हातमोजे वापरा" असं लिहिलं असेल तर हातमोजे बनवणाऱ्या कंपनीचा तक्ता मागवा. पातळ नायट्राइल अनेक कामांना चालतं, पण रंग काढायच्या द्रावातलं डायक्लोरोमिथेन त्यातून काही मिनिटांत आरपार जातं. तिथे थरांचे लॅमिनेट हातमोजे लागतात. कापडी हातमोजे द्राव शोषून दिवसभर कातडीला चिकटवून ठेवतात, त्यापेक्षा उघडा हात लवकर धुतला जातो. एकदा आतून ओला झालेला हातमोजा पुन्हा घालू नका.

सर्जिकल मास्क आणि धुळीचा मास्क वाफ अडवत नाहीत. वाफेला कार्बनचं कार्ट्रिज लागतं, धुरात कण आणि वाफ दोन्ही असतात म्हणून दोन्हींचं एकत्र फिल्टर. चेहऱ्याला चिकटून बसणाऱ्या मास्कखाली दाढी असेल तर हवा कडेने आत येते. कार्ट्रिज उघड्यावर टांगून ठेवलं तर न वापरताही संपत जातं. हवाबंद पिशवीत ठेवा, उघडल्याची तारीख लिहा, आणि वास यायला लागेपर्यंत थांबू नका.

## टप्पा ७: घरी नेऊ नका

कामाचे कपडे आणि बूट कामावरच उतरवा. घरी धुवायचेच असतील तर बंद पिशवीत न्या, वेगळे धुवा, झटकू नका. मुलाला उचलण्याआधी अंघोळ, निदान हात-तोंड धुऊन कपडे बदललेले असावेत.

## टप्पा ८: नोंदवही

सगळ्यांत जास्त टाळला जाणारा आणि माझ्या मते सगळ्यांत मोलाचा टप्पा हा आहे. बिस्फेनॉल, थॅलेट अशी रसायनं शरीरातून एक-दोन दिवसांत निघून जातात. वीस वर्षांनी त्यांचा माग कुठल्याच रक्तात सापडणार नाही. तेव्हा उरेल ते फक्त लिहिलेलं.

संशोधनही त्याच आधारावर उभं राहतं. कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात स्तनाचा कर्करोग झालेल्या हजाराहून अधिक स्त्रियांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. संशोधकांनी प्रत्येकीच्या आयुष्यभराच्या नोकऱ्यांचा इतिहास विचारून संपर्काचा अंदाज बांधला. ज्या कामांत कर्करोगकारक आणि हार्मोन बिघडवणाऱ्या रसायनांचा संपर्क जास्त असण्याची शक्यता होती, त्यांत १० वर्षं घालवलेल्यांमध्ये धोका सुमारे ४२ टक्क्यांनी जास्त आढळला. वाहनांचे प्लॅस्टिकचे भाग बनवणं आणि अन्नाची डबाबंदी या क्षेत्रांत मासिक पाळी अजून न गेलेल्या स्त्रियांमध्ये तो आणखी ठळक होता. एका अभ्यासाने कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, पण कुणी काय काम केलं हे माहीतच नसतं तर प्रश्नही विचारता आला नसता.

नोंद अशी असावी:

"मंगळवार, दुसरी पाळी. मोल्डिंग मशीन ४. काळ्यावरून पांढऱ्यावर रंगबदल, पर्जिंग अंदाजे २० मिनिटं. मऊ पीव्हीसी. एक्झॉस्ट बंद, सुपरवायझरला सांगितलं. हातमोजे कापडी. नंतर डोकं दुखलं, तासाभराने थांबलं."

रोज लिहायची गरज नाही. नेहमीचा दिवस कसा असतो ते एकदा सविस्तर, आणि मग फक्त वेगळं घडलेलं: गळती, नवा माल, बंद पंखा, जादा पाळी, रात्रपाळीचे महिने. लेबलांचे फोटो, शीटच्या प्रती, हवेच्या मोजणीचे अहवाल वर्षावार ठेवा. वर्षातून एकदा सगळ्याची प्रत घरच्या दुसऱ्या माणसाकडे द्या.

आणि एकमेकांशी बोला. १९७७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका कीटकनाशक कारखान्यातल्या पुरुषांच्या गप्पांमधून लक्षात आलं की आपल्यापैकी फार कमी जणांना मुलं होत आहेत. त्यांनीच तपासणीचा आग्रह धरला आणि डीबीसीपी हे रसायन शुक्राणू नष्ट करतं हे उघड झालं. मासिक पाळीतले बदल, वारंवार गर्भपात, मूल न राहणं, पुरुषांच्या छातीची वाढ, थायरॉइडचे आजार या गोष्टी एकाच विभागात जास्त दिसत असतील, तर ती नावं न घेता केलेली मोजणीही वहीत असायला हवी.

## टप्पा ९: डॉक्टरांकडे, वही घेऊन

"मी कारखान्यात काम करतो" एवढं सांगून उपयोग नाही. तिसऱ्या टप्प्यातल्या तीन रकान्यांचं एक पान समोर ठेवा. व्यवसायजन्य आजारांचे तज्ज्ञ मिळाले तर उत्तम.

तपासण्यांबाबत सगळ्यांत जास्त गोंधळ होतो. सीए १५-३ किंवा सीए १२५ सारखे ट्यूमर मार्कर, म्हणजे कर्करोगाशी जोडल्या जाणाऱ्या रक्तातल्या खुणा, रसायनांचा संपर्क दाखवत नाहीत आणि निरोगी माणसाचा धोकाही ठरवत नाहीत. त्यांवर पैसे घालवू नका. पीसीबी आणि पीफास शरीरात वर्षानुवर्षं राहतात, म्हणून त्यांची रक्ततपासणी जुना संपर्कही दाखवू शकते. बिस्फेनॉल-थॅलेटची लघवीची तपासणी एकदाच केली तर ती फक्त गेल्या दिवसाचं सांगते. करायचीच असेल तर सलग काही दिवस काम केल्यावर पाळीच्या शेवटी एक नमुना, आणि काही दिवसांच्या सुटीनंतर कामावर जाण्याआधी दुसरा. दोन्हींतला फरक कामाचा वाटा सुचवतो, कारण ही रसायनं अन्नातून आणि घरातल्या वस्तूंतूनही येतात. भांडं प्रयोगशाळेनेच दिलेलं वापरा. साध्या प्लॅस्टिकच्या डबीतून थॅलेट नमुन्यात उतरू शकतं.

सावधान: आकडा कमी आला म्हणून पाचवा टप्पा सोडू नका. आकडा जास्त आला म्हणून कर्करोग झाला असंही नाही.

वयानुसार ठरलेल्या नियमित तपासण्या चुकवू नका, आणि तुमच्या संपर्कामुळे त्या लवकर सुरू कराव्यात का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. स्तनातली गाठ पुरुषानेही दाखवायलाच हवी. पुरुषांना स्तनाचा कर्करोग क्वचित होतो, आणि मनातही न आल्याने उशिरा कळतो.

## निदान आधीच झालं असेल तर

उपचार आधी, यात दुमत नको. पण अंगात थोडं बळ असेल तेव्हा मागचा इतिहास उलट्या क्रमाने लिहून काढा: शेवटच्या नोकरीपासून पहिल्या नोकरीपर्यंत. कंपनी, विभाग, कोणतं साल ते कोणतं साल, काय काम, काय माल, पाळ्या. आठवत नसेल तर पगाराच्या पावत्या, ओळखपत्रं, जुने फोटो आणि जुने सहकारी मदतीला येतात. फोटोच्या मागे दिसणाऱ्या पिंपावरचं नावही कधी वाचता येतं. घरच्यांपैकी कुणाला तरी सोबत बसवा, तुम्ही सांगा आणि त्यांनी लिहावं.

तो कागद उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या फाइलमध्ये लावायला सांगा. एका माणसाचा कर्करोग नेमका कशाने झाला हे बहुधा ठामपणे सांगता येत नाही, पण नुकसानभरपाईचा दावा, व्यवसायजन्य आजाराची नोंद किंवा पुढचा एखादा अभ्यास या कागदाशिवाय सुरूच होत नाही. दाव्यांना मुदत असते आणि ती अनेकदा निदानाच्या तारखेपासून मोजली जाते, म्हणून कामगार संघटनेला किंवा वकिलाला लवकर भेटा. त्याच विभागात अजून काम करणाऱ्यांना हा कागद दाखवायचा की नाही हे तुम्ही ठरवा. दाखवलात तर पहिला आणि दुसरा टप्पा त्यांच्यासाठी निम्मा झालेला असेल.